उन्हाचं शटडाऊन

वासुदेवभाऊंचा हात वायरला चिकटला होता. तोंड उघडं, पण आवाज नाही. अंग लाकडासारखं ताठ. सुशीला वायपरचा दांडा घेऊन त्यांना ढकलायला धावली. मी तिला पदर धरून मागे ओढलं. दांडा अॅल्युमिनियमचा होता.

"मावशी, काका मरून राहिले!"

"हात नको लावू! तूबी चिपकशीन!"

छताच्या सिमेंटच्या पत्र्यावर सरळ पाय देता येत नाही, फुटतो. म्हणून आम्ही लाकडी फळ्या टाकून त्यांवरून चालतो. एक फळी अजून कोरडी होती. ती उचलून मी त्यांच्या मनगटावर मारली. दुसऱ्या फटक्याला वायर सुटली आणि भाऊ फळ्यांवर आडवे झाले.

सकाळचे अकरा वाजले होते. खालचं स्विच बंद होतं. त्यावर भाऊंनी स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं आणि लाल टॅग लावला होता.

आम्ही तिघं सोलरच्या प्लेटा धुवायचं काम करायचो. वासुदेवभाऊ भिलाईच्या पोलाद प्लांटमधून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. माझा नवरा प्लांटच्या त्याच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, होता, म्हणून ते मला वहिनी म्हणत. सुशीला खुर्सीपारला आमच्या गल्लीतली सून. मी चौथी शिकलेली. आधी प्लांटमध्ये ठेकेदाराकडे झाडलोट केली, मग हे काम धरलं.

भिलाईत उन्हाला तोटा नाही. पण ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं नसतं. प्लेट फार तापली की मंदावते. भर मे महिन्यापेक्षा थंडीतल्या स्वच्छ दुपारी ती बरं काम करते. त्यात धूळ. खुर्सीपारच्या छतांवर काळपट लाल धूळ बसते. अहिवाऱ्याकडे पांढरी, चुन्याची. तिच्यावर थोडं पाणी पडलं की ती काचेला धरून बसते. कुम्हारीच्या राइस मिलवर भुशाची राख. नुसतं बोट फिरवून मी सांगू शकते छत कुठलं ते.

धुण्याची वेळ पहाटेची. काच थंड असते आणि प्लेटेत जोर नसतो. उजाडून तास-दोन तास झाले की आम्ही खाली उतरत असू.

त्या दिवशी कुम्हारीच्या एका राइस मिलच्या सेठचा फोन नऊ वाजता आला. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सेठ इन्व्हर्टरसमोर उभा होता. इन्व्हर्टर म्हणजे प्लेटांची वीज मिलला चालेल अशी करणारी पेटी. किती वीज बनते ते तिच्यावर दिसतं.

"आधा दिखा रहा है," सेठ म्हणाला. "एक बजे साहब लोग देखने आएंगे. उसके पहले पूरा चाहिए."

"सेठजी, हे काम सकाळचं आहे," मी म्हणाले. "तापल्या काचेवर थंड पाणी पडलं तर तडकते."

"तो गुनगुना डालो, अम्मा."

वासुदेवभाऊ हसले. "चला वहिनी. शटडाऊन घेतो न मी. काऊन भेता?"

शटडाऊन हा प्लांटचा रिवाज. ज्या लाईनवर काम करायचं ती बंद करायची, आपलं कुलूप घालायचं, आपल्या नावाचा टॅग टांगायचा. ज्यानं टांगला त्यानंच काढायचा, मोठ्या साहेबानंही हात लावायचा नाही. भिलाईत घरचा पंखा दुरुस्त करायचा झाला तरी माणूस आधी विचारतो, शटडाऊन घेतलं का? या रिवाजानं किती जणांचे जीव वाचवले असतील. भाऊंचाही दोनदा वाचवला होता. रिटायर झाले तरी टॅग शर्टच्या खिशात असायचा.

पण सोलरचं वेगळं आहे. खालचं स्विच बंद केलं की स्विचच्या पुढं वीज जात नाही. मागं, प्लेटांमध्ये आणि त्यांच्या वायरमध्ये, ती तशीच उभी असते. नळ बंद केला म्हणून टाकीतलं पाणी जात नाही. इथली टाकी ऊन आहे.

हे मला ठाऊक होतं. कोणी शिकवलं नव्हतं. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका छतावर, स्विच बंद असताना, एका जॉइंटला बोट लागलं आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी तेव्हाच भाऊंना सांगितलं होतं.

"बंद लाईनमधी करंट?" ते म्हणाले. "वहिनी, तुमाले मुंगी चावली असन."

सुशीलाही हसली होती. मी गप्प बसले. तीस वर्षं लाईनवर काढलेल्या माणसाला चौथी शिकलेल्या बाईनं काय सांगायचं? पुन्हा विषय काढला नाही. स्वतः मात्र कधी जॉइंटला हात लावला नाही. अक्कल स्वतःपुरती ठेवली.

आम्ही कोमट पाण्यानं सगळ्या ओळी धुतल्या. भाऊंनी खाली जाऊन थोडा वेळ लाईन चालू करून पाहिली. एक ओळ तरीही मंदच. त्यांनी पुन्हा कुलूप-टॅग केला आणि वर आले.

"जॉइंट जळला असन," ते म्हणाले. "हातमोजे घालून समजत नाही, कुठं गरम आहे ते." हातमोजे काढून त्यांनी कमरेला खोचले आणि ओल्या प्लेटेखाली हात घातला.

मी तीन हात अंतरावर होते. तोंडापर्यंत आलं होतं, "भाऊ, ताडपत्री टाकू का वर?" प्लेटा झाकल्या की त्यांचा जोर मरतो. ताडपत्री माझ्या पायाशीच होती. पण खालून सेठ ओरडला, "कितना टाइम?" आणि भाऊ म्हणाले, "बस, झालं!" मी बोलले नाही.

फळीचा फटका मारल्यावर मी त्यांच्या छातीवर दाबत राहिले. ते तेवढं प्लांटमध्ये शिकवलं होतं. सुशीला खाली धावली. मिलच्या हमालांनी त्यांना दोर बांधून उतरवलं. सेठनं स्वतः गाडी चालवली. दवाखान्यात डॉक्टरनं दोन मिनिटांत चादर ओढली.

त्यांच्या बायकोनं मला एकच विचारलं. "टॅग लावला होता का त्याईनं?"

"लावला होता."

"मंग कसं झालं?"

मी तिला नळाचं आणि टाकीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तुमाले मालूम होतं?"

मी हो म्हणाले. खोटं बोलून काय करायचं होतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर आहे.

मी आता काम सोडलं आहे. सुशीला करते. उन्हात जॉइंट उघडायचा झाला तर आधी ताडपत्री टाकते, वीज उरली का ते मीटर लावून पाहते, हातमोजे काढत नाही. नव्या बायकांनाही तेच शिकवते. ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं त्यालाही सांगावं. हसला तर पुन्हा सांगावं. यापलीकडं मला काही शिकवता येत नाही.

त्या दिवशी तिघं वर चढलो. वासुदेवभाऊ गेले. सुशीला जगली, आणि मी.