सत्यप्रतीचा शिक्का

आमच्या ऑफिसात माहिती अधिकाराचे अर्ज पाहणारे एक कारकून माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. सत्यप्रतीचा शिक्का ते रुमालात गुंडाळून ठेवतात आणि मारण्याआधी त्यावर दोनदा फुंकर घालतात. अर्जदार कितीही चिडला तरी एवढंच म्हणतात, "कागदात हाय ते देऊ. पदरचं काय घालायचं न्हाय."

परवा एकानं कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च मागितला, हजेरीपत्रकांसकट. ते एकेक पान वाचत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्या दिवशी म्या सोलापूरच्या दवाखान्यात होतो. कारभारणीला शेवटचं नेलं तवा."

मी मान खाली घातली. त्यांची रजा कापली जाऊ नये म्हणून त्यांच्या नावापुढं सही मीच ठोकली होती. आमच्याकडं एकमेकांसाठी सगळेच तसं करतात.

"हे पान बाजूला ठेवू का?" मी विचारलं.

"मागितलंय न्हवं त्यानं," ते शांतपणे म्हणाले.

मग शिक्क्यावर दोनदा फुंकर घातली, तो मारला आणि खाली स्वतःची सही केली. वर त्यांच्या नावापुढं मी केलेली, खाली त्यांची. कुणाच्याही लक्षात यावं इतक्या वेगळ्या.