न खरवडलेली भिंत

कुणाच्याही घरात शिरला की तो आधी भिंतीवर बोटाने टकटक करायचा, मग माणसांकडे बघायचा. भिंतीला कधी टेकायचा नाही. चहा उभ्यानेच प्यायचा. काचेच्या पट्ट्या जुन्या मोज्यात गुंडाळून खिशात ठेवायचा. हसू आलं की तोंडावर हात धरायचा, जणू हसण्यानेही कुठेतरी पोपडा पडेल.

त्याला सगळे तडेकाका म्हणत. मेट्रोचं भुयार जुन्या वस्तीखालून जाणार होतं, आणि वरच्या घरांतल्या तड्यांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. तडा दिसला की गिलावा खरवडून वीट उघडी करायची आणि तड्यावर आडवी काच सिमेंटने चिकटवायची. भिंत हलली की काच तुटते. काच तुटली की घर रिकामं करायचं.

"आले डॉक्टर," बायका म्हणत. "काका, आमच्या ह्यांनाही एक पट्टी लावा. रोज तडकतात."

"त्यांना काच पुरायची नाही, वहिनी. लोखंड लागेल."

भुयाराच्या वाटेवरच त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. आतल्या खोलीत, दाराच्या चौकटीशेजारी तडा होता. आणि तिथेच पेन्सिलीच्या रेघा होत्या. तिचा मुलगा तिथे पाठ लावून उभा राहायचा आणि दर वर्षी डोक्याशी एक रेघ वाढायची. शाळकरी वयात तो तापाने गेला. त्यानंतर रेघ नव्हती.

तडेकाकाने खरवडणी काढली तशी ताई आडवी आली.

"बाळ्या, इथे नाही."

"विटेवरच लावावी लागते गं."

"मग लावूच नको. जा."

त्याने रेघांकडे पाहिलं. त्यातल्या काही रेघा त्यानेच ओढल्या होत्या, टाचा उचलणाऱ्या भाच्याला टपली मारून. शेवटी त्याने काच गिलाव्यावरच लावली. रेघा सोडून, अलगद.

"झालं," तो म्हणाला. "ही तुटली नाही तर घाबरायचं कारण नाही."

भुयार खोदणारं यंत्र खालून गेलं. मांडणीवरची भांडी किणकिणली. शेजारच्या घरांतल्या काचा तुटल्या, तिथली माणसं हलवली. ताईची काच शाबूत. तो रोज बघून जायचा आणि साहेबांना सांगायचा, बहिणीचं घर ठणठणीत आहे.

गिलावा विटांपासून कधीच सुटला होता. आत भिंत सरकत होती आणि सुटलेल्या गिलाव्यावर काच निवांत होती. एका दुपारी, ताई बाहेर नळावर असताना, आतली खोली खाली बसली.

ती वाचली. घर पाडावं लागलं. ढिगाऱ्यासमोर तिने एकच विचारलं, "काच तुटली नव्हती ना रे?"

"नाही तुटली," तो म्हणाला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. नणंदेकडे राहायला गेली. तो जायचा तेव्हा नणंदच दार उघडायची. "झोपल्यात वहिनी," म्हणायची, आणि आत भांडं वाजायचं.

मेट्रो सुरू झाली. तो तिच्यात कधी बसला नाही. वस्तीतून पायीच जायचा. खालून गाडी गेली की त्याच्या पायांना कळायचं. तो थांबायचा, मग पुढे चालायचा.

ढिगाऱ्यातून त्याने गिलाव्याचे तुकडे वेचून आणले होते. गोणभर. माफी कशी मागायची ते त्याला येत नव्हतं. रेघा जुळवत तुकडे एका फळीवर चिकटवायचे आणि ती फळी ताईच्या हातात द्यायची, एवढंच त्याने ठरवलं होतं. रोज कामावरून आला की तो तुकडे चाळत बसायचा.

गेल्या आठवड्यात एका इमारतीच्या जिन्यात, टकटक करता करता, तो खाली बसला आणि उठला नाही. लोक धावले तेव्हा त्याची पाठ भिंतीला टेकलेली होती.

ताई त्याच्या खोलीवर आली. खिडकीखाली टेबल, टेबलावर फळी. खालच्या रेघा जुळल्या होत्या. ती वाकली. एका तुकड्यावर तिचं बोट थांबलं.

"हा उलटा लावलायस, गाढवा," ती मोठ्याने म्हणाली.

ती तो काढायला गेली. निघेना. पक्का चिकटला होता.

गोंदाच्या डबीचं झाकण उघडंच होतं. फळीचा वरचा भाग रिकामा होता. शेवटच्या रेघेचे तुकडे शेजारी जुन्या मोज्यात होते, एकेक कागदात गुंडाळलेले.