पोत्याची घोडी आणि अमेरिकेतला आकडा

चाकूरमधल्या आमच्या वेल्डिंगच्या दुकानाला थेट अमेरिकेचं पेटंट मिळणार होतं, ते केवळ माझ्यामुळं... हुकलं! दुकान महादू मिस्त्रीचं. माझं काम बाकावर बसून चहा पिणं, शिक्षण चौथी. पण दुकानातले किस्से भंगारासारखे साठतात. अधूनमधून ढीग उपसला नाही तर बसायला जागा उरत नाही.

*

विष्णुपुरीच्या कॉलेजातले एक सर पीएचडीसाठी आमच्याकडं यायचे. कोणत्या देशाच्या किती माणसांना अमेरिकेत पेटंट मिळालं, ते मोजायचं आणि त्या आकड्यावरून तो देश किती हुशार ते सांगायचं, असा त्यांचा अभ्यास.

मिस्त्री म्हणाला, "मंग आपल्या देशात मिळालेलं कामून मोजत न्हाईत?"

सरांनी लॅपटॉप उघडला. मी म्हटलं, "मिस्त्री, गावच्या जत्रेत पंच आपलाच मामा ऱ्हातो. परगावच्या फडात कुस्ती मारली तर खरी!"

सर म्हणाले, "मामा, हे लिहून घेऊ?"

"घ्या की. खाली माझं नाव टाका, हेच माझं पेटंट!"

*

सरांची नजर कोपऱ्यातल्या घोडीवर गेली. घोडी म्हणजे लोखंडी चौकट. तिला पोतं अडकवायचं, सोयाबीन ओतायचं, पायानं दांडी दाबली की पोतं हलून धान्य खाली बसतं. पोतं धरायला दुसरा माणूस लागत नाही.

हा दुसरा माणूस म्हणजे वीस वर्षं मिस्त्रीची बायको. एका मळणीला डोळ्यांत भुसा गेला आणि वहिनी म्हणाल्या, "उद्यापासून पोतं लोखंडाला धराया सांगा!"

सरांनी विचारलं, "ही कल्पना कुणाच्या डोक्यातली?"

मिस्त्रीनं छाती फुगवली, "माझ्या!"

चहा ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "व्हय. डोकं ह्यांचं, धमकी माझी!"

*

सर हरखले. म्हणाले, हिचा अर्ज करू, इथंही आणि अमेरिकेतही! मी लगेच बाजारात पुडी सोडली, सर पेटंट वाटायलेत. दुसऱ्या दिवशी जळकोटचा एक पाव्हणा शेळी घेऊन हजर. शेळी शिंगानं दाराची कडी काढायची.

सर म्हणाले, "अहो, शेळीला पेटंट मिळत नाही."

"तिला कशाला? मला द्या, शिकवलं मी!"

शेळीनं तेवढ्यात दुकानाची कडी काढून दाखवली. सरांनी तिला बिस्किट दिलं, पाव्हण्याला चहा.

*

सर जाताना बजावून गेले, "अर्ज दाखल होईपर्यंत घोडी कुणाला दाखवायची नाही. जगात कुठंही आधी उघड झाली की इथलं पेटंट गेलं, आणि इथलं गेलं की कॉलेज अमेरिकेच्या अर्जाला पैसे देणार नाही!"

आता आमच्याकडं साधी पिठाची गिरणी आली तरी नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. मग पेटंटचं असं मुकाट्यानं कसं करायचं? मी स्टँडसमोर दहा फुटी फ्लेक्स लावला. 'महादू मिस्त्री यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली पुढाऱ्यांचे फोटो, मधोमध घोडी. जागा उरली म्हणून सरांनी मिस्त्रीच्या मोबाइलवर पाठवलेलं ड्रॉइंगही टाकलं, सगळ्या मापांसकट! मिस्त्रीनं हार घालून स्वतः नारळ फोडला.

तेवढ्यात एसटीतून सर उतरले. हातात अर्जाची फाईल. फ्लेक्स वरून खालपर्यंत वाचला आणि तिथंच बॅगेवर बसले.

मी म्हटलं, "सर, तुमचा फोटो राहिला म्हणून रागावलात काय?"

*

त्यानंतर आठ दिवस मिस्त्रीनं घोडीला हात लावला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. बाकावर एकट्यानं चहा पिणं लई वाईट!

नवव्या दिवशी सर आले. म्हणाले, "जे उघड झालं ते गेलं. पण घोडीत काही नवीन सुचलं असेल, तर त्याचा वेगळा अर्ज करता येतो."

वहिनी म्हणाल्या, "हाय. मला सुचलंय. घरात गोधडीखाली झाकून ठिवलंय, ह्यास्नीबी अजून दावलं न्हाई."

मिस्त्री उठला. आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. आम्ही तिघंही आत निघालो आणि सगळ्यात पुढं अर्थातच मी, मोबाइल काढून.

वहिनी दारात आडव्या झाल्या.

"सर, दावते की. पर आधी ह्या भावजीस्नी दुसऱ्या कुठल्या तरी देशात सोडून या. आपल्या देशाचा आकडा आपोआप वर चढंल!"