वदीअच्या घरची ओली भिंत

सबरी भिंती तयार करायचा आणि वदीअ त्या रंगवायचा. अलेक्झांड्रियाच्या लब्बान भागात सव्वीस वर्षं दोघांनी जोडीनं कामं घेतली. जुना रंग खरवडणं, भेगा उकरून त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, पॉलिश पेपर मारणं, मग अस्तराचा पातळ हात देणं, हे सगळं सबरीचं. वरचा रंग वदीअचा. एक मशिदीत जायचा, दुसरा चर्चमध्ये. दुपारची फूल नावाची कडधान्याची उसळ आणि भाकरी मात्र एकाच कागदावर.

फाटलं ते एका डॉक्टरच्या दिवाणखान्यावरून. समुद्राकडची भिंत, आत ओल मुरलेली. सबरी म्हणाला, "पंधरा दिवस वाळू दे." पण डॉक्टरच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता. वदीअनं घाई केली. महिन्याभरात रंगाला फोड आले. "भिंत कोणी तयार केली?" डॉक्टरनं विचारलं, तेव्हा वदीअ मान खाली घालून गप्प उभा राहिला. सबरीनं आपल्या खरवडायच्या पत्र्या गोळा केल्या आणि चालू लागला.

पुढच्या दोन वर्षांत वदीअ तीनदा सबरीच्या नेहमीच्या कॉफीच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. तिन्ही वेळा सबरीनं खुर्ची फिरवून पाठ केली. मग फेब्रुवारीत बातमीच आली. छातीत कळ येऊन वदीअ गेला होता. अंत्यविधीला सबरी शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि कोणाला न भेटता परतला.

महिन्याभरानं वदीअची बायको दमियाना सबरीच्या दारात आली. "उस्ताद, जरा घरी या. एक भिंत बघायचीय."

बैठकीतली ती भिंत अर्धवट खरवडलेली होती. पत्री तिरकी लागून गिलाव्यावर चरे पडले होते. आतली धूळ न झाडताच भेगांत लांबी कोंबलेली.

"हे कुठल्या गाढवानं केलंय?"

"त्यांनीच," दमियाना म्हणाली. "म्हटलं, सबरींना बोलवा. तर म्हणाले, कोणत्या तोंडानं बोलावू?"

सबरी तिथल्याच स्टुलावर बसला. थोड्या वेळानं उठून त्यानं भिंतीला तळवा लावला. गार होती, आतून ओली.

"त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी नऊ दिवसांवर आलाय," ती म्हणाली. "माणसं येतील. तेवढ्यात होईल ना?"

"नाही व्हायचं, मरियमची आई. तीन आठवडे तरी वाळायला हवी."

"ते असते तर केलं असतं."

"केलं असतं. आणि ईस्टरच्या आत फोड आले असते."

दमियानाच्या ओठांवर हसू आलं न आलं, तोच डोळे भरले. "राहू द्या मग उघडी," ती म्हणाली.

दोन दिवस खपून सबरीनं सगळी भिंत गिलाव्यापर्यंत साफ केली. चाळिसाव्याला माणसं त्या बोडक्या भिंतीखालीच बसली. दमियानाचा भाऊ कुजबुजला, "रंगाऱ्याचं घर, आणि ही दशा?" दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी वाटत सबरी जवळच उभा होता. तो म्हणाला, "भिंत माझ्यामुळे थांबलीय. काही बोलायचं तर मला बोला."

रोज सकाळी येऊन तो तळवा लावून बघायचा. भिंत वाळायला पुरते चोवीस दिवस लागले. मग लांबी भरली, घासली, ओल्या फडक्यानं धूळ टिपली. अस्तराचा पहिला हात देता देता तो भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"तीनदा आला होता तो माझ्याकडे. मी पाठ फिरवली."

"माहीत आहे. घरी येऊन सांगायचे."

"काय म्हणायचा?"

"म्हणायचे, अजून रागावलाय. म्हणजे मला विसरला नाहीये."

सबरीचा ब्रश थांबला. दमियाना चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती आली तेव्हा अस्तर एका बाजूनं सुकायला लागलं होतं, आणि तो अजून त्याच जागी उभा होता.

दुसरा हात त्यानं दुसऱ्या दिवशी दिला. वरचा रंग, एरवी वदीअचा असायचा तो, मरियमच्या नवऱ्यानं आणलेल्या एका तरुण रंगाऱ्यानं दिला. दमियानानं निरोप पाठवला होता, पण सबरी त्या दिवशी गेला नाही.