रेवा रेसिडेंट झाली

अमेरिकेत मॉरिसव्हिलमधल्या आमच्या चार घरांच्या ग्रुपमध्ये पूर्वी गप्पा व्हायच्या त्या चकली का मऊ पडली, कुणाच्या बॅकयार्डमध्ये हरणं आली, असल्या. मुलं बारावीत गेली आणि विषय एकच उरला: स्टेट युनिव्हर्सिटी आपल्या मुलांना 'इथली' धरणार की 'बाहेरची'? इथली धरली तर फी झेपते, बाहेरची धरली तर नाही. व्हिसावर राहणाऱ्यांकडे याचे किस्से इतके साठलेत की पॉटलकच्या जेवणात वरण गार होतं. त्यातले निम्मे तरी माझी मैत्रीण वंदना आणि तिचा नवरा संजय यांच्या घरचे.

*

त्यांची रेवा इथे आली तेव्हा नुकती चालायला लागली होती. संजय वर्क व्हिसावर, मायलेकी डिपेंडंट. बारावीत शाळेतल्या काउन्सेलरने सांगितलं, कॉलेजसाठी तू इंटरनॅशनल स्टुडंट. रेवा घरी येऊन म्हणाली, "आई, मला नाशिकला एकटीने रिक्षासुद्धा करता येत नाही. How am I international?"

*

तिला हवी त्या युनिव्हर्सिटीत हिस्टरीला अ‍ॅडमिशन मिळाली, पण मागोमाग निर्णय आला: नॉन-रेसिडेंट, म्हणजे 'बाहेरची'. संजय म्हणाला, घर विकू. रेवा म्हणाली, कशाला, मी इथल्याच कम्युनिटी कॉलेजला जाते, मला चालेल. अगदी हसत म्हणाली. नंतर वंदनाला कळलं की होणाऱ्या रूममेटला तिने आधीच सांगून टाकलं होतं, तू दुसरी कुणीतरी बघ.

हे सांगताना वंदना माझ्या गाडीत रडली. त्या दिवशी आम्ही ग्रोसरी न घेताच परत आलो.

*

आमच्यातले देशपांडे काका फार वर्षांपूर्वी इथे आलेले, आता रिटायर्ड. ते म्हणाले, व्हिसावर असलात तरी इथे कायमचं घर केलंय हे दाखवता आलं तर आपल्या स्टेटमध्ये चालतं, अपील करा.

अपीलची सुनावणी फोनवर होती. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसरने विचारलं, तुमचा इथे कायम राहायचा विचार आहे का? आता संजय मुळात, नोकरीच्या आधी, स्टुडंट व्हिसावर आलेला माणूस. त्या वेळी व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या साहेबाला "शिकून परत जाणार" हे त्याने इतकं घोकून सांगितलं होतं की त्याची जीभच उचलेना.

वंदना स्पीकरकडे वाकली आणि तिच्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "सर, हा माणूस दोन वर्षं स्वतः बाथरूमच्या टाइल्स बसवतोय. सोडून जायच्या घरासाठी एवढं कोण करतं?"

पलीकडे ऑफिसर हसला म्हणे. म्हणाला, पुरावे पाठवा.

*

संजयने टॅक्स, लायसन्स, घराचे पेपर्स तर पाठवलेच, वर मंडळाच्या गणपतीत व्हॉलंटियरचा टी-शर्ट घातलेला फोटोही जोडला. रेवा म्हणाली, "बाबा, you would've sent my baby teeth."

वंदना म्हणाली, "आहेत. कपाटात."

*

निकाल आला तेव्हा वंदना माझ्याकडेच होती. तिने ईमेल वाचली, फोन माझ्या हातात दिला आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "चहा टाक गं, खूप दिवसांनी चहा प्यावासा वाटतोय." रेवाने पहिला फोन त्या रूममेटला केला. तिने दुसरी कुणी शोधलीच नव्हती.

*

संजयने ऑफिसच्या पार्किंग लॉटमधून नाशिकला आईला फोन लावला. घाईघाईत एवढंच म्हणाला, "आई, रेवा रेसिडेंट झाली."

आजींचे भाऊ सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर होते, त्यामुळे रेसिडेंट म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक. त्यांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. संजयला ते दोन दिवसांनी कळलं. आईचा आवाज इतका आनंदी होता की त्याने तो गैरसमज तसाच राहू दिला.

परवा रेवा डॉर्ममधून घरी आली होती. तेवढ्यात नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. आजींच्या शेजारच्या कुलकर्णी काकू कॅमेऱ्यासमोर गुडघा धरून बसल्या होत्या.

रेवाने एकदा बाबांकडे बघितलं, मग अगदी शांतपणे म्हणाली, "काकू, जिने कमी करा. आणि बर्फ लावा."