थोरल्या मायची पेज

कंपाउंडरला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. तो बाटल्यांत मिक्स्चर भरत उभा असतो आणि लोक, हे एक कपाटच आहे असं समजून, त्याच्यासमोर खुशाल बोलत असतात! मी मेहकरला दवाखान्यात होतो तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा. त्या काळातले माझ्याकडं पुष्कळ किस्से आहेत. पण थोरल्या मायला मारलं, त्या दिवसांतले असे एकमेकांत अडकलेत की एक काढला की बाकीचे मागोमाग येतात.

थोरली माय म्हणजे जानेफळच्या नानासाहेबांची आई. नानासाहेब नागपूरच्या कौन्सिलात मेंबर. गावातल्याच अण्णाजींना पाडून नुकतेच निवडून आलेले. म्हातारी छोट्या बैलगाडीतून, आमच्याकडं तिला रेंगी म्हणतात, मेहकरला येत होती. गाडीवान ओढ्यावर पाणी प्यायला उतरला, तेवढ्यात कोणीतरी तिच्या तोंडावर लाठी हाणली आणि ज्वारीत पळालं. जबडा मोडला. आमच्या पुण्याकडच्या डॉक्टरसाहेबांनी तो डोक्यावरून पट्टा घेऊन बांधून टाकला.

"महिनाभर बोलायचं नाही, चावायचं नाही. फक्त पातळ घ्यायचं," ते म्हणाले.

जिच्या हाकेनं अर्धं जानेफळ उठायचं, ती महिनाभर गप्प! 

*

बातमी पसरली आणि दवाखान्याच्या ओट्यावर जत्रा भरली. तिला पाहिलं, हळहळ झाली, की प्रत्येकाला तिला कसं मारलं ते सांगायचं असे. त्या वेळी तिथं चिटपाखरू नव्हतं, पण पाहिलं मात्र सगळ्यांनी!

देऊळघाटहून नानासाहेबांचे एक दूरचे व्याही आले. ओट्यावर उभं राहून सांगू लागले, "असा आला, अशी लाठी उचलली, अन् असा..." आणि हातातली छत्री गर्रकन फिरवली. मागं आमचा ड्रेसर सीताराम पट्ट्यांचा ट्रे घेऊन उभा होता. छत्रीची मूठ थेट त्याच्या कपाळावर! टाके घालावे लागले.

व्याही फार खजील झाले. त्यांनी स्वतः सीतारामला धरून बाकावर बसवलं. तर नंतर येणाऱ्या बाया त्याच्याही पाया पडायला लागल्या. "मायले वाचवाले गेला असंल बिचारा!" लोणारच्या बाजारापर्यंत बातमी गेली की थोरल्या मायला वाचवताना मेहकरचा ड्रेसर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण लोणारहून ऊर बडवत आली. सीताराम बशीत चहा ओतून पीत होता. तिनं रडणं तिथंच थांबवलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मी तिकडून रडत येऊन राह्यली, अन् तू चाय पेऊन राह्यला?"

*

नानासाहेब नागपूरहून आले. सभेत एकदा उभे राहिले की लोक बिड्या संपवून परत यायचे तरी हे बोलतच असायचे. ते खाटेशी बसले आणि एक शब्द फुटेना. म्हातारीचा हात हातात घेतला. आवाज असा आला की मला ओळखू येईना.

"माय, काही बोल ना वं. शिव्या दे. म्या नागपूरले जाऊन राहिलो म्हणून शिव्या दे."

म्हातारीनं दुसऱ्या हातानं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. तेवढ्यानं ते लहान मुलासारखे रडले. मी खिडकीकडं तोंड करून बाटल्या पुसत बसलो.

ओट्यावर मात्र कुजबुज सुरू झाली, "मेंबर घंटाभर आत बसला अन् भाषण नाही केलं! म्हातारीचं काही खरं नाही गड्या!"

*

आमच्याकडं एखाद्या घरावर संकट आलं की त्या घरी शेजारपाजारचं अन्न येतं. म्हातारीला चालणार फक्त पातळ, त्यामुळं सगळं जानेफळ पेज घेऊन लोटलं. तांदळाची पेज, ज्वारीची पेज, कण्यांची पेज. ओट्यावर पितळी लोट्यांची रांग लागायची. चोचीच्या कपातून तिला थोडी थोडी पाजायचं काम सीतारामकडं होतं, उरलेली सगळा वॉर्ड प्यायचा. त्या महिन्यात आमचे पेशंट काय सुधारले म्हणता!

एकदा डॉक्टरसाहेबांनी मीठ जास्त आहे का ते बघायला कप स्वतःच्या तोंडाला लावला. म्हातारीनं भिंतीकडं तोंड फिरवलं ते संध्याकाळपर्यंत. साहेब घाबरले, की ताप चढला, काय झालं? शेवटी नानासाहेबांनी समजावलं, "साहेब, मायले उष्टं चालत नाही. माझंही चालत नाही, तुमचं कुठून चालंल?" कप राखेनं घासून, नवी पेज भरल्यावर मग स्वारी वळली.

आणि तिची शेजारीण तर थेट मिरचीचा ठेचा घेऊन आली. डॉक्टरसाहेब ओरडले, "बाई, यांचा जबडा बांधलाय!"

"जबडा बांधला, नाक तं मोकळं हाय ना? वास तं घेऊ द्या तिले!" आणि तिनं वाटी सरळ म्हातारीच्या नाकाखाली धरली. म्हातारीनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. मग पट्ट्याच्या आतल्या आत हसू लागली. तिला दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसत होती. मला ती बरी होणार असं पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

*

पोलीस जमादार चौकशीला आले. म्हातारीला बोलता येत नाही, लिहिता कधीच येत नव्हतं. जमादारांनी युक्ती काढली.

"माय, मी एकेक नाव घेतो. ज्यानं मारलं त्याचं नाव आलं की डोळे मिटायचे. समजलं? आता पाहा, नमुन्यादाखल सांगतो. समजा मी म्हटलं, सीताराम ड्रेसर..."

म्हातारीनं डोळे मिटले!

सीतारामच्या हातातला कप खाली पडला. दारातून एक बाई ओरडली, "तरीच याच्या कपाळाले पट्टी! मायनंच हाणलं असंल!" काल पाया पडणारी तीच! जमादार म्हणाले, "शिपाई, दार लाव." सीताराम गयावया करू लागला, "छत्री होती हो, व्याह्यांची छत्री होती!" आणि तेवढ्यात खाटेवरून घोरण्याचा आवाज आला. दुपारच्या पेजेनंतर म्हातारीला झोप लागली होती.

त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी खाटेपाशी चौकशीच बंद केली.

*

मारणारा पुढं सापडला. वाटेवर लुटणारा कुठलातरी परका माणूस, राजकारणाशी काडीचा संबंध नाही. पण तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, अण्णाजी. निवडणूक हरले ना, मग त्यांनीच मारवलं! न्हावी त्यांच्या घरी जाईना, विहिरीवर बाया त्यांच्या सुनेशी बोलेनात. त्यांच्या मुलीचं, चंपाचं, लग्न लोणारला ठरलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, सगळं निवळल्याशिवाय साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नको. आणि म्हातारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण तिच्यापुढं कोणी बोलायचं नाही अशी ताकीद होती.

एका दुपारी अण्णाजींची बायको सुभद्राबाई दवाखान्यात आली. हातात पदरानं झाकलेला लोटा. ओट्यावरच्या बाया उठून तिच्या आडव्या झाल्या.

"आमच्या घरचं कोणी नाही हो थे," ती म्हणाली. "माह्या चंपीचं साक्षगंध मोडून राह्यलं. मले एकदा मायले पेज पाजू द्या."

"इख कालवलं असंल! आधी तू पे!"

बाया सुभद्राबाईला चहूकडून घेरून उभ्या होत्या. वरून ओतून प्यायची शुद्ध कुठली? तिनं लोटा तोंडाला लावला आणि घटाघटा दोन घोट घेतले. मग तिच्याच लक्षात आलं. पेजेत विष नाही हे सगळ्यांना दिसलं, पण पेज आता उष्टी झाली होती. ती पायरी उतरायला वळली.

आत खाट वाजली. दार उघडंच होतं. म्हातारीनं सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि ती खाटेच्या दांडीवर हात आपटत होती. मीच सुभद्राबाईला आत घेऊन गेलो.

सीतारामनं चोचीचा कप पुढं केला. म्हातारीनं तो बाजूला सारला, लोटा घेतला आणि जिथं सुभद्राबाईचं तोंड लागलं होतं तिथंच ओठ लावला. पेज हनुवटीवरून ओघळली, पट्टा भिजला. डॉक्टरसाहेबांनी अडवलं नाही. लोटा रिकामा झाला.

मग तिनं शेजारी बसलेल्या नानासाहेबांना जवळ ओढलं, सुभद्राबाईकडं बोट दाखवलं, आणि नानासाहेबांच्या कपाळावर अंगठ्यानं कुंकू ओढल्यासारखी एक रेघ ओढली.

नानासाहेबांनी डोक्यावर फेटा चढवला आणि ओट्यावर आले. बाया, माणसं, व्याही, सगळे आता भाषण होणार म्हणून सावरून बसले.

"रेंगी जुंप रे," ते गाडीवानाला म्हणाले. "लोणारले चंपीच्या सासरी जाऊन येतो."