अमावस्येचे एकेचाळीस डबे

नात विद्यापीठात शिकायला गेली तेव्हा तिच्या विषयाचं नाव घरात कुणालाच एका दमात म्हणता येत नव्हतं. सर्व्हिस ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन अॅनालिटिक्स. गल्लीत कुणी विचारलं की तिची आजी ‘साखळीचं शिकतीया’ एवढंच सांगायची. मी मात्र छाती काढून फिरत होतो. फौजेत माझी सारी नोकरी रेशनच्या गोदामात गेली. पीठ, डाळ, रॉकेल डोंगरावरच्या चौकीपर्यंत वेळेत पोचवायचं, हेच काम. “तू पुस्तकात वाचतीस ते आमी खांद्यावर वाहिलंय,” असं मी तिला दर रविवारी ऐकवायचो. तेच अंगाशी आलं.

तिला प्रकल्प करायचा होता. लोक जिथं कामासाठी ताटकळतात अशी जागा निवडायची आणि ताटकळण्याचा वेळ मोजायचा. बाकीच्या पोरांनी बँक, दवाखाना, मॉल निवडले. हिनं आमच्या गावची पिठाची गिरणी निवडली.

आमच्या गिरणीत रांग असते ती डब्यांची. बाई येते, डबा रांगेत ठेवते आणि घरी जाते. डब्याला दोरी, चिंधी, झाकणावर पोचा, काहीतरी खूण असते आणि कुणाचा डबा कुठला हे गिरणीवाल्याला झोपेतही सांगता येतं. नातीला यातच गंमत वाटली होती. “आबा, डबा दोन तास थांबतो, पण काकू पाचच मिनिटं थांबतात. मग थांबलं कोण?” ती म्हणायची. मी जाणकारासारखी मान डोलवायचो.

आठवडाभर ती सांगलीला असायची. म्हणून वही माझ्या हातात आली. डबा कधी आला, दळायला कधी घेतला, बाई स्वतः किती वेळ थांबली, असे तीन रकाने. वही देताना ती म्हणाली, “घड्याळात बघूनच लिहा हं, आबा. अंदाज नको.”

“गोदामात अंदाजानं काम केलं असतं तर चौकी उपाशी मेली असती,” मी म्हणालो.

पहिले आठ-दहा दिवस मी खरोखर गिरणीच्या पायरीवर बसून होतो. पिठानं भुवया पांढऱ्या व्हायच्या. मग एका मंगळवारी शेजारच्या गावात बैलगाड्यांच्या शर्यती निघाल्या. सकाळीच वडापच्या जीपमध्ये बसलो ते चार वाजेपर्यंत तिकडंच. परतताना पाठीमागच्या सीटवर, गुडघ्यावर वही ठेवून, एका हातात भजी घेऊन मी एकेचाळीस डबे दळले. हात सैल सोडून लिहिलं. एकाही बाईला फार थांबू दिलं नाही. माझं अक्षर चांगलं आहे. खोटंही नीटनेटकं दिसतं.

नातीनं सगळी वही कॉम्प्युटरवर चढवली. त्यात मंगळवारच उठून दिसला. त्या दिवशी गिरणी इतर दिवसांच्या दुप्पट वेगानं चालली होती. तिनं रंगीत आलेख काढला आणि सगळा निष्कर्ष त्या एका दिवसावर उभा केला. तिच्या मॅडम गिरणी बघायला सांगलीहून आल्या. पाच-सहा बायका, गिरणीवाला, मॅडम आणि मी, अशा सभेपुढं ती आत्मविश्वासानं बोलत होती. शेवटी गिरणीवाल्याला म्हणाली, “काका, मंगळवारी तुम्ही जसं काम केलं, तसं रोज केलं तर रांगच राहणार नाही.”

गिरणीवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली. “मंगळवारी अमावस्या हुती, पोरी. अमावशेला मी दगडाची पूजा करून कुलूप लावतो. आवं मेजर, तुमी खिडकीतनं आत शिरून दळलं का काय?”

बायका हसल्या. मीही हसलो. ते हसू मला अजून माफ करता आलेलं नाही.

मॅडम हसल्या नाहीत. “ही नोंद कोणी केली?”

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी एका डब्याची चिंधी न्याहाळत होतो.

“मीच, मॅडम,” ती म्हणाली. “उतरवताना तारीख चुकली.”

“उतरवताना तारीख चुकते. एकेचाळीस डबे चुकत नाहीत.” मॅडमनी अहवालावर शेरा मारला. माहिती बनावट.

त्यानंतर दोन महिने ती सुट्टीला यायची, माझ्या पाया पडायची, चहा द्यायची. त्या विषयावर एक शब्द नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी एका रविवारी शर्यतीचं मीच सांगून टाकलं.

“कुणाची जोडी पहिली आली?” तिनं विचारलं.

“आँ?”

“शर्यतीत. मॅडम गेल्यावर मी वही परत उघडून नीट बघितली. त्या पानावरची प्रत्येक वेळ पाचाच्या पाढ्यात आहे आणि कोपऱ्यात भज्याचं तेल. पण आबा, हे मला सांगून काय उपयोग? खोटी मी ठरले ती मॅडमपुढं.”

सोमवारी पहिल्या एसटीनं सांगली गाठली. मॅडमच्या खोलीबाहेर शिपाई म्हणाला, “पाच मिनिटं बसा.” आत गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, “फार वेळ थांबलात का काका?”

“सदुसष्ट मिनिटं.”

त्यांनी मान वर केली. “घड्याळात बघितलं?”

“दोनदा.” मग सगळं सांगितलं. शर्यत, जीप, भजी, ते हसणंसुद्धा.

त्यांनी अहवाल काढला, शेरा खोडला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. “आता खाली तुमच्या अक्षरात लिहा. खरं काय झालं ते.” खालच्या कोऱ्या अर्ध्या पानात मावलं नाही. उरलेलं इथं लिहिलं.

गावी परतल्यावर घरचा डबा घेऊन गिरणीवर गेलो आणि गिरणीवाल्यालाही सांगितलं. त्यानं पट्टा थांबवला.

“मला ठावं हाय की. शर्यतीत तुमच्या मागंच उभा हुतो मी. गिरणी बंद, मग काय करणार?”

“मग त्या दिवशी पोरीची बाजू घेऊन बोलला का न्हाईस, गड्या?”

त्यानं माझा डबा उचलून रांगेत शेवटी ठेवला.

“तुमी बोलशीला म्हनून थांबलो हुतो.”